औंढ्याची फिरती पाटी

प्रवासवर्णनात लोक देवळे सांगतात, नद्या सांगतात, फार तर धर्मशाळेतले ढेकूण सांगतात. पण उपाहारगृहातल्या पदार्थांच्या पाटीवर कोणी चार ओळी खर्चिल्याचे मला आठवत नाही. वास्तविक भुकेलेला प्रवासी गावात शिरल्यावर जे पहिले वाङ्मय मन लावून वाचतो, ते हेच! म्हणून श्रावणात हिंगोली जिल्ह्यात हिंडलो, तेव्हा देवांच्या जोडीने पाट्यांचेही दर्शन घेत गेलो.

हिंगोली हा जिल्हा वयाने लहान. परभणीपासून तो वेगळा झाला १ मे १९९९ रोजी. हळद ही इथली लक्ष्मी. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. हिंगोलीच्या मोंढ्याजवळ एका साध्या हॉटेलात काळ्या फळ्यावर खडूने सात ओळी लिहिल्या होत्या: पोहे, सुशीला, पुरी-भाजी, भजी, शेव, चहा, दूध. प्रत्येकापुढे भाव. दहाच्या सुमारास सुशीला संपली, तशी पोऱ्याने ओल्या फडक्याने ती ओळ पुसून टाकली. एक वयस्क शेतकरी दारातच थांबले, फळा वाचला, खिशातल्या नोटा चाचपल्या आणि मग आत येऊन बसले. पाटीचे खरे काम मला तेथे समजले. खिशात किती आहे ते चारचौघांत उघड न करता आत जायचे की नाही, हे माणसाला ठरवता आले पाहिजे. भाव विचारून उठून जाणे फार जड जाते हो!

तेथून औंढा नागनाथ सुमारे पंचवीस किलोमीटर. सोमवार असल्यामुळे देवळाला माणसांचा पूर लोटला होता. दर्शन आटोपून मी रस्त्यावरच्या एका नव्या धर्तीच्या उपाहारगृहात शिरलो. धड खाणावळ नव्हे, धड वडापावची गाडी नव्हे. गल्ल्यापाशी उभे राहून मागणी सांगायची, पैसे आधी मोजायचे, मग टेबल गाठायचे. गल्ल्याच्या वर तीन झगझगीत पडदे. त्यांना डिजिटल मेनू बोर्ड म्हणतात.

चित्रे मोठी सुरेख होती. पण यादी दर आठ सेकंदांनी पालटत होती. मी घड्याळ लावून पाहिले! एकेका चित्रात अठरा-वीस पदार्थ, की लगेच दुसरे चित्र, मग थंड पेयाची जाहिरात. शिवाय ही तयार चौकट इंग्रजी अक्षरांच्या मापाची. आपल्या अक्षराला वर वेलांटी लागते, खाली उकार लागतो; ओळी दाटल्या की पहिला बळी त्यांचाच. पुरीचा उकार खालच्या पट्टीआड गेल्यामुळे पडद्यावर ‘परी-भाजी’ साठ रुपयांना मिळत होती!

माझ्या पुढे एक आजी होत्या. कडक उपास. ‘उपासाचं काय हाय, बाई?’ त्यांनी विचारले. गल्ल्यावरची मुलगी गर्दीने बेजार. ‘बोर्डावर हाय की समदं, आजी,’ ती म्हणाली. आजींनी मान वर केली तो पावभाजी आली. बरोबरच्या सुनेने पळती यादी मोबाईलमध्ये टिपण्याचा यत्न केला, तो थंड पेय आले. मागून लोक ढकलू लागले. ‘चहाच दे,’ म्हणून आजी बाजूला झाल्या, आणि त्यांची पाठ वळते न वळते तोच साबुदाण्याची खिचडी आणि भगर पडद्यावर झळकली.

औंढ्याची आख्यायिका तुम्हांला ठाऊक असेल. नामदेवांना कीर्तनासाठी देवळामागे जायला लावले, तेव्हा देऊळच भक्ताकडे फिरले, आणि नंदी मागेच राहिला. त्याच गावात ही पाटी भक्ताकडे पाठ फिरवत होती.

गर्दी ओसरल्यावर मी मालकांशी बोललो. गृहस्थ सालस. ‘साहेब, पूर्वी भाव वाढला की पेंटरची वाट बघावी लागायची, आता मोबाईलवरून बदलतो. वाचता न येणारा माणूस चित्राकडे बोट दाखवून मागतो,’ ते म्हणाले. दोन्ही गोष्टी खऱ्या. पडद्याशी माझे वैर नाही. पडद्याने फळ्याचे गुण घ्यावेत एवढेच म्हणणे. यादी स्थिर असावी; हलायचेच असेल तर जाहिरातीने हलावे. उपासाचे वेगळे आणि कायम दिसावे. संपलेला पदार्थ त्याच घटकेला पुसला जावा. फलकांचा एक ढोबळ हिशेब आहे: दहा फुटांमागे एक इंच उंचीचे अक्षर. म्हणजे पंधरा फुटांवरच्या रांगेला दीड इंच हवे, आणि देवनागरीला वेलांटी-उकारासाठी ओळींत मोकळी जागा आणखी. २०२२ च्या कायदेदुरुस्तीनंतर दुकानाच्या नावाची पाटी देवनागरीत आणि इतर लिपीहून लहान नसलेल्या अक्षरांत लागते. तोच मान आतल्या खिचडीलाही मिळावा.

ह्याच तालुक्यात गुरुत्वीय लहरी टिपणारी, चार-चार किलोमीटर लांब बाहूंची लायगो प्रयोगशाळा व्हायची आहे. अवकाशाचा सूक्ष्मतम कंप जिथे वाचायचा, तिथे भगरीचा भाव वाचता येऊ नये काय, असे मी हसत म्हटले.

मालकही हसले. त्यांनी मोबाईल काढला, दोन-तीनदा बोट फिरवले आणि डावीकडचा पडदा उपासाच्या यादीवर थांबवून ठेवला. तेवढ्यात सहा-सात बायकांचा घोळका दारात आला. त्यांतल्या एकीने उंबऱ्यापाशी थांबून सगळी यादी मोठ्याने वाचली, बाकीच्यांनी बोटांवर हिशेब केला आणि त्या आत आल्या.

‘सहा भगर,’ पुढची म्हणाली. ‘आन् एक खिचडी.’