सुरांतला बिघाड

पुण्याला नोकरीस असलेला माझा पुतण्या यंदा दिवाळीला गंगाखेडला आला तो दोन गिटारी आणि एक लोखंडी डबी घेऊन. डबी पानाच्या डब्याहून लहान, रंगानें नारिंगी. वर फिरकीचीं तीन बटनें आणि पायानें दाबावयाची एक पट्टी. हिला पेडल म्हणतात. हिचें काम काय, असें मीं विचारलें तेव्हां तो अगदीं शांतपणें म्हणाला, "काका, ही आवाज बिघडवते." आवाज बिघडविण्यासाठीं पैसे मोजणारा माणूस मी प्रथमच पाहत होतों. आमच्या गांवांत हें काम लग्नसराईचे कर्णे जादा मोल न घेतां करीत आले आहेत, असें मीं त्यास सांगूनही टाकलें.

तीस वर्षें पदार्थविज्ञान शिकविणाऱ्या मनुष्यास ही डबी काय करते तें समजावयास वेळ लागला नाहीं. तारेच्या कंपनानें गिटारीच्या पिकअपांत विजेची जी लहर उत्पन्न होते, तिला ती प्रथम अतोनात वाढविते आणि मग डायोडांच्या जोडीकडून तिचे शेंडे व तळ छाटून टाकते. लहरीचा गोल माथा असा सपाट झाला कीं मूळ स्वरांत नसलेले उपस्वर जन्मास येतात; कानाला तें खरखरीत, दाट, कांहींसें रागीट वाटतें. अमेरिकेंत ह्याचा आरंभ मोडक्या सामानापासून झाला. १९५८ सालीं लिंक रे ह्या वादकानें असा आवाज मिळावा म्हणून ध्वनिक्षेपकाच्या कागदी पडद्यास पेन्सिलीनें भोंकें पाडलीं; पुढें एका ध्वनिमुद्रणाच्या वेळीं यंत्राचा एक भाग बिघडला आणि तो बिघडलेला आवाजच लोकांस आवडला; १९६२ मध्यें तोच बिघाड डबींत बसून बाजारांत आला. चुकीला गिऱ्हाईक मिळालें कीं तिला शोध म्हणतात, हा माझा शेरा पुतण्यानें ऐकून न ऐकल्यासारखा केला.

पाडव्याच्या दुपारीं माजघरांत डबीची परीक्षा सुरू झाली. एका गिटारीचे पिकअप एकेरी वेटोळ्याचे, दुसरीचे दुहेरी. पुतण्याच्या भातुकलीएवढ्या अॅम्प्लिफायरला पहिली गिटार जोडली आणि पेडल दाबलें, तों तारेला हात लागण्याआधींच घरांतल्या विजेचा घुमारा गुणगुणूं लागला. डबीला गाणें आणि गोंगाट ह्यांतला भेद कळत नाहीं. मिळेल तें ती सारखेंच वाढविते. दुसऱ्या गिटारींत उलट-सुलट बसविलेलीं दोन वेटोळीं बाहेरचा घुमारा परस्परांत मारून टाकतात आणि तारेचा स्वर तेवढा राखतात. ती शांत होती, पण तिचा आवाज इतका दाट कीं मधले बटन निम्मे फिरविण्यापूर्वींच स्वरांचा चिखल झाला. षड्ज आणि पंचम एकत्र वाजविले तर ते टिकत. गांधार मिसळला कीं सगळें गढूळ. छाटणीमुळें दोन स्वरांच्या बेरजा-वजाबाक्यांचेही स्वर निघतात, आणि षड्ज-पंचमाखेरीज फार थोड्या जोड्यांना तो हिशेब सोसतो.

मग ओळखीनें देवळाच्या भजनी मंडळाचा अॅम्प्लिफायर आणला. त्याच्या कर्ण्याला खर्जाचें वावडें. पेडलचा आवाज त्यांतून असा निघाला कीं पत्र्याच्या डब्यांत गांधीलमाशी कोंडली आहे. शेजारच्या वहिनी विचारावयास आल्या. तो प्रयोग तेथेंच संपला.

शेवटीं माझी नजर वडिलांच्या जुन्या रेडिओकडे गेली. निर्वात नळ्यांचा हा रेडिओ अजून चालतो, आणि त्याच्या पाठीशीं ग्रामोफोन जोडण्याचीं दोन भोंकें आहेत. आंत ट्रान्स्फॉर्मर असल्याची मीं आधीं खात्री करून घेतली. कारण त्याच्या अभावीं अशा जुन्या रेडिओच्या सांगाड्यावरच वीज खेळत असते, आणि तिच्यापुढें काका-पुतण्या दोघांचीही पदवी सारखीच. नळ्या तापल्या. पुतण्यानें पेडल जवळजवळ बंद ठेवलें आणि दुहेरी पिकअपाच्या गिटारीची एकच जाड तार हळूच छेडली. नळीची छाटणी डायोडासारखी धारदार नसते, ती कडा गोल ठेवून दाबते. स्वर उमटला आणि विझण्याऐवजीं उलगडत गेला. त्याच्या पोटांतून एकेक उपस्वर वर येऊं लागला.

पुतण्या थांबून म्हणाला, "काका, आजीचा तंबोरा असाच वाजायचा का?"

त्यानें तो कधीं ऐकलाच नव्हता. तो जन्मण्यापूर्वींच मीं त्या तंबोऱ्याचा गळा कापला होता, आणि ही गोष्ट मीं आजवर घरांत कोणास सांगितली नव्हती.

बी. एस्सी. होऊन मी नुकताच घरीं आलों होतों. आई रोज पहाटे मिरजेच्या त्या तंबोऱ्यावर जनाबाईचे अभंग म्हणे. जनाबाई आमच्याच गांवची, तेव्हां त्यांत गाण्याइतकाच माहेरपणाचाही भाव असे. तारांचा तो झणत्कार मला घोडीच्या खडबडीतपणाचा दोष वाटला. घर्षण, ऊर्जेचा अपव्यय असल्या शब्दांनीं मीं आईला तो समजावून दिला, आणि ती देवळांत गेली असतां कानस व पॉलिश-कागद घेऊन घोडीचा माथा असा घासला कीं तारा एका कडेवरच टेकाव्या. तार छेडली. आवाज स्वच्छ निघाला आणि लगेच मेला. आईनें परत आल्यावर तारा जुळविल्या, तारांखालचे दोरे मागेंपुढें सरकवून पाहिले, पुन्हां पाहिले. मग गवसणी घालीत म्हणाली, "चांगला केलास हो." दुसऱ्या दिवसापासून ती पेटीवर गाऊं लागली. रागावली असती तर मीं तंबोरा त्याच आठवड्यांत मिरजेला नेला असता. ती गेली त्यालाही आतां बरींच वर्षें झालीं.

पुढें प्राध्यापक झाल्यावर रामन् यांचा १९२१ सालचा तंबोरा-वीणेवरील छोटा निबंध माझ्या वाचनांत आला. तार ज्या बिंदूवर छेडावी तेथें ज्या उपस्वरांची गांठ पडते ते त्या तारेंतून निघूं नयेत, असा यंग आणि हेल्महोल्ट्झ यांचा नियम आहे. रामन् यांस ते तंबोऱ्यांत स्पष्ट ऐकूं आले. सारी करामत घोडीच्या रुंद, किंचित् गोलाईच्या माथ्याची आणि तारेखालच्या दोऱ्याची. कांपणारी तार त्या माथ्यावर टेकत आणि सुटत राहते, आणि शक्ति एका उपस्वरांतून दुसऱ्यांत झिरपते. मीं ज्याला बिघाड समजून घासून काढलें, तीच जवारी. हा भाग मी वर्गांत कित्येकदां शिकविला आहे, उदाहरण मात्र नेहमीं पुस्तकांतलें दिलें.

पुतण्याला हें सगळें सांगितलें. तो कांहीं बोलला नाहीं. माळ्यावरून तंबोरा काढून आणला, मोबाइलच्या उजेडांत घोडी न्याहाळली आणि दोरे सरकवून पाहूं लागला. अर्धा तास खटपट करूनही तार आंधळीच राहिली. गोलाईच नाहीं तर दोरा काय करील?

मिरजेंत हा धंदा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांनीं उचलला. पंढरपूरच्या बाजूचे भोपळे तेथें तंबोऱ्यांसाठीं जातात, आणि २०२४ मध्यें मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना भौगोलिक मानांकनही मिळालें. तिथल्या एका कारागिराला दुसऱ्या दिवशीं फोन लावला. घोडी नवी करून जवारी काढतां येईल, असें तो म्हणाला. मग त्यानें विचारलें, "खुली ठेवायची कीं बंद? गाणारं कोण आहे? गळा कसा आहे?"

घरांत गाणारें कोणी उरलेलें नाहीं. पुतण्या माझ्याकडे पाहत होता. मीं थोडें थांबून सांगूं लागलों: बाईंचा गळा, जरा जाड, पहाटे खर्जांत लागायचा, वरच्या षड्जाला किंचित् चिरत असे. पलीकडे कागदावर पेन चालल्याचा आवाज येत होता.