जटायूच्या गावाला

टायफॉइडमधून उठल्यावर पहिल्यांदाच घराबाहेर पडलो तो येडशीच्या रामलिंगला. धाराशिवहून वीसेक किलोमीटर. बालाघाटाच्या कुशीतलं हे रान १९९७ पासून अभयारण्य आहे. दरीत उतरताना पाय लटपटत होते. खाली नदी रामलिंगच्या देवळाला असा वळसा घालते की पावसाळ्यात ते बेटच वाटतं.

देवळासमोर जटायूची समाधी. रावणाला त्यानं इथंच अडवलं, तहानलेल्या त्या पक्ष्यासाठी रामानं बाण मारून पाणी काढलं, असं आमच्याकडे सांगतात. खरंखोटं कोण बघतो! पण हरलेल्या पाखराचं स्मारक आपल्या दुष्काळी मुलखात असावं, आणि त्याच्या गोष्टीतही पाणीच असावं, हे मला फार आपलंसं वाटलं.

लहानपणी बार्शी लाइट रेल्वेच्या गाडीतून हे रान दिसायचं. आजी न चुकता हात जोडायची. कुणाला, रामाला की जटायूला? कधी विचारलं नाही.

माकडानं हातातला नारळ पळवला. मी पायरीवर बसून राहिलो. समाधीवर एक वाळकं पान पडलं होतं, वाऱ्यानं थोडं उचललं जायचं, पुन्हा टेकायचं.