निवडणुकीची बस आणि ठोकताळ्याचं गणित



निवडणुकीची ड्युटी तुमच्याही वाट्याला आलीच असेल. मागे एका निवडणुकीत आमच्या रूटवर सात मतदान केंद्रं आणि एक एसटी होती. आमचं केंद्र सगळ्यात लांबचं, म्हणून आदल्या दिवशी आम्ही शेवटी उतरलो आणि मतदान संपल्यावर पहिले चढलो. परतीच्या वाटेवर चौथ्या केंद्रापाशी बस जी थांबली, ती दीड तास. तिथे सहा वाजता रांग मोठी होती, सगळ्यांना चिठ्ठ्या देऊन मतदान चालू ठेवलेलं. मशीन जमा करेपर्यंत रात्रीचे साडेअकरा वाजले. माझं लेकरू तेव्हा अडीच वर्षांचं. आईची वाट बघत ते रडून झोपलं होतं.

त्या रात्री मी रूट आखणाऱ्याला मनात खूप बोलले. दोन दिवसांनी कागद घेऊन स्वतःच रूट काढायला बसले, तेव्हा जरा नरमले.

सात ठिकाणं किती क्रमांनी फिरता येतील? 7 × 6 × 5 असं करत 5040. दहा ठिकाणं घेतली तर 36,28,800. पंधरा घेतली तर एक लाख तीस हजार कोटींच्या वर! एका विधानसभा मतदारसंघात केंद्रं शेकडो असतात, गाड्या अनेक, आणि प्रत्येक गाडीत बसणारी माणसं ठरलेली. सगळे क्रम तपासून सर्वांत चांगला निवडू म्हटलं, तर संगणकालाही जमायचं नाही. हा प्रश्न 1959 मध्ये डँट्झिग आणि रॅमसर यांनी गणितात मांडला. त्यांच्यासमोर पेट्रोल पंपांना पेट्रोल पोचवणारे टँकर होते.

मग करतात काय? ठोकताळा वापरतात. इंग्रजीत त्याला ह्युरिस्टिक म्हणतात. ‘हेच सर्वांत उत्तम’ अशी हमी त्यात नसते, पण हाताशी असलेल्या वेळेत बरं उत्तर मिळतं.

1964 मध्ये क्लार्क आणि राइट यांनी दिलेला ठोकताळा पाचवीच्या मुलालाही कळेल. तालुक्यापासून एक केंद्र 12 किमीवर, दुसरं 15 किमीवर, आणि दोघांमध्ये 4 किमी. दोन गाड्या वेगवेगळ्या पाठवल्या तर 24 आणि 30, म्हणजे 54 किमी. एकाच गाडीने दोन्ही केली तर 12 + 4 + 15 = 31. बचत 23. अशी प्रत्येक जोडीची बचत काढायची, आणि गाडीत जागा असेपर्यंत मोठ्या बचतीपासून जोड्या जुळवत जायचं. बास, एवढंच.

दुसरा ठोकताळा 1974 चा, जिलेट आणि मिलर यांचा. मुख्य ठिकाणी घड्याळाचा काटा रोवला आहे असं समजायचं. काटा फिरवत जे गाव लागेल ते गाडीत घ्यायचं, गाडी भरली की दुसरी सुरू. आपल्या रत्नागिरीत हा काटा निम्मा वेळ समुद्रावरूनच फिरेल! शिवाय खाड्या. जयगड आणि तवसाळला काटा जवळजवळ एकदमच शिवेल, पण मध्ये शास्त्रीची खाडी आहे. फेरीबोट सोडली तर रस्त्याने केवढा वळसा! (तवसाळ गुहागर तालुक्यात, तिथली गाडी वेगळी, हे सोडा.) म्हणून कोकणात नकाशावर फूटपट्टी ठेवून अंतर मोजू नये. एसटीच्या ड्रायव्हरला विचारावं.

रूट तयार झाला की तो सुधारायचा. रूट स्वतःलाच ओलांडत असेल तर ती फुली सोडवायची, म्हणजे तो आखूड होतो. 1958 मध्ये क्रोज यांनी ही रीत मांडली. कारण साधं आहे: चौकोनाच्या दोन कर्णांची बेरीज समोरासमोरच्या दोन बाजूंच्या बेरजेपेक्षा मोठीच असते. मोठ्या कामांत संगणक याच्याही पुढे जातो. रूटचा एखादा तुकडा उसवून परत शिवतो, आणि कधी मुद्दाम थोडं वाईट उत्तर पत्करतो, कारण तिथून पुढे जास्त चांगलं सापडू शकतं.

आता माझ्या बसकडे येते. किलोमीटर मोजले तर आमचा रूट अगदी बरोबर होता. मी चौथं केंद्र शेवटी ठेवून पाहिलं. अंतर 9 किमीने वाढलं, पण तोपर्यंत त्यांचं काम बरंचसं उरकलं असतं आणि आम्ही सगळेच साधारण अर्धा तास आधी पोचलो असतो. किलोमीटरच्या रकान्यात बस उभी राहिल्याचा वेळ दिसतच नाही. रांग किती लागेल हे आधी कोणाला कळणार, असंही म्हणता येईल. मला ते निम्मंच पटतं. कुठल्या केंद्रावर मतदार किती, हे यादीत आधीच असतं.

वर्गात हे करायचं असेल तर मऊ बोर्डावर तालुक्याचा नकाशा लावा. सात टाचण्या आणि लोकरीचा धागा द्या. गटागटाने रूट करू द्या, मग धागा सोडून पट्टीने मोजायला सांगा. चौथीच्या मापनाला छान जातं. माझ्या वर्गात फुली सोडवायची युक्ती मुलांनी न सांगता शोधली. नंतर एका टाचणीवर लाल कागद लावून सांगा, ‘इथे गाडीला एक तास थांबावं लागतं.’ आमच्याकडे त्यावर जे भांडण झालं, त्यात मधली सुट्टी गेली. टाचण्या सातच ठेवा, दहा दिल्या की धागा गुंततो.