माझ्या माघारी

मराठी माणसाचे 'वेड' या शब्दावर फार प्रेम आहे. कुणाला गाण्याचे वेड असते, कुणाला नाटकाचे; आई मुलाच्या गालावर हलकेच चापट मारून 'वेडाच आहेस!' म्हणते, आणि प्रेमात पडलेल्याला तर आपण हे विशेषण दिल्यावाचून सोडतच नाही. पण हाच शब्द एखाद्याच्या बाबतीत खरा ठरू लागला की आपली सगळी रसिकता कुठल्या कुठे पळून जाते. मग पुण्यात येरवड्याचे नाव निघते, मुंबईकडे ठाण्याचे, कोकणात रत्नागिरीचे आणि विदर्भात नागपूरचे. चारही चांगली नांदती गावे. परंतु सरकारने तिथे मनोरुग्णालये ठेवली एवढ्याच अपराधासाठी ती थट्टेच्या बोलण्यात कायमची अडकून पडली आहेत.

पर्वतीच्या पायथ्याशी ज्या वस्तीत आठवड्यातला माझा एक दिवस जातो, तिथे मात्र हा शब्द मी क्वचितच ऐकला. तिथे कुणी म्हणते, "डोक्यात विचार येत्यात." कुणी म्हणते, "जीव थाऱ्यावर न्हाई." कुणाच्या काळजात धडधडते, कुणाच्या हातापायांतली ताकद गेलेली असते, कुणाला 'बाहेरचं' झालेले असते, आणि अलीकडे लहानथोर सगळ्यांनाच 'टेन्शन' असते. प्रथम मला वाटे, ही माणसे दुखण्याचे नाव टाळतात. आता वाटते की ती दुखणे जसे जाणवते तसे सांगतात आणि नाव ठेवण्याचे काम आपल्यासारख्यांवर सोडतात.

वस्तीजवळच्या महापालिकेच्या शाळेत मी तीस वर्षे मराठी शिकवले. निवृत्त झाले त्याच सुमारास तिथल्या बालवाडीच्या खोलीत दर गुरुवारी दुपारी एक छोटेसे काम सुरू झाले. पंधरा दिवसांनी एक डॉक्टर येतात. एक शिकलेली समाजसेविका असते. आणि खरे काम करणाऱ्या दोघी वस्तीतल्याच बायका आहेत. त्यांना थोडे शिक्षण दिले आहे: काय विचारायचे, काय विचारायचे नाही, आणि कुणाला उशीर न करता डॉक्टरांपुढे न्यायचे. त्यांतल्या थोरलीला सगळे ताई म्हणतात. माझे अक्षर बरे, म्हणून कागद भरण्याचे काम माझ्याकडे आले. निम्म्या घरांतली मुले माझ्या हाताखालून गेलेली, त्यामुळे मी तिथे 'बाई' आहे आणि मरेपर्यंत बाईच राहणार.

येणाऱ्यांत बहुतेक बायका असतात. झोप नाही, भूक नाही, डोके उठते, नवरा पितो, पोरगी परीक्षेच्या धास्तीने जेवत नाही. यांतल्या पुष्कळजणींना गोळी लागत नाही; चार वेळा नीट ऐकून घेणारे माणूस लागते. त्यांची हकीकत मी इथे सांगत बसत नाही. मला सांगायचे आहे ते एका घराविषयी.

पण घर म्हणजे काय, ते आधी सांगितले पाहिजे. दहा फूट बाय बारा फुटांची एक खोली. तिच्यात सहा माणसे, एक ओटा, एक पाण्याचे पिंप, एक टीव्ही आणि एक देव्हारा. बंगल्यातला माणूस खिन्न झाला तर दार लावून घेतो. इथे लावून घ्यायला दारच नाही. जे आहे ते रस्त्यावर उघडते. एकाला रात्री झोप आली नाही की सहाजणांची रात्र जाते. एकाने हातात आलेले ताट भिंतीवर फेकले की शेजारच्या खोलीतले भांडे हलते. अशा ठिकाणी मनाचे दुखणे एकट्याचे कधी नसतेच; सणाच्या फराळासारखे ते घरभर वाटले जाते, फक्त कुणी मागितलेले नसते.

या घरातली मावशी चार घरची धुणीभांडी करते. थोरला मुलगा आयटीआयमध्ये शिकत होता. एकोणिसाव्या वर्षी त्याला कुणीतरी बोलल्याचे ऐकू येऊ लागले. आधी तो उलट उत्तरे देई, मग भिऊ लागला, मग घराबाहेर पडेनासा झाला. देव झाले, देवऋषी झाले. धाकट्याच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे गेले. मोठ्या दवाखान्यात एकदा नेले होते. पण एक दिवस दवाखाना म्हणजे एक दिवस खाडा, रिक्षाचे पैसे वेगळे, आणि रांगेत त्याला धरून बसवायचे कुणी? दुसऱ्या खेपेला कुणी गेलेच नाही. आमचे काम सुरू झाले तेव्हा या दुखण्याला आठ वर्षे झाली होती. दिवाळीत वस्ती फटाक्यांनी दणाणली की मावशी त्याच्या कानात कापूस घालून, डोक्यावरून गोधडी ओढून, त्याला कवेत धरून बसे. तिच्या चार दिवसांची दिवाळी ही एवढी.

ताई पहिल्यांदा तिथे गेली तेव्हा मावशीने "आमच्यात कुणी आजारी न्हाई" म्हणून दार अर्धे ओढून घेतले. ताई उंबऱ्यावर बसली आणि मावशीच्या पुढ्यातली मेथी निवडू लागली. दुसऱ्या गुरुवारी शेंगा फोडल्या. तिसऱ्याला नळाच्या भांडणाची चर्चा झाली. चार खेपा मुलाचा विषय निघाला नाही. पाचव्या खेपेला मावशी आपणहून म्हणाली, "आत हाय त्यो. बघ जा." मोठमोठ्या अहवालांतून 'लोकसहभाग' असा शब्द येतो. तो वाचला की मला ती मेथी आठवते.

पुढे डॉक्टर घरी आले. गोळ्या सुरू झाल्या, मग महिन्याचे इंजेक्शन. आवाज बंद झाले नाहीत, पण लांब गेले. आता ते पलीकडच्या गल्लीतून येतात, असे तो सांगतो. हात थरथरू लागले, त्यासाठी आणखी एक गोळी आली. अंग सुटले. वर्षाभराने तो सकाळचे पाणी भरू लागला, आणि दोन वर्षांनी कोपऱ्यावरच्या वाण्याकडे पुड्या बांधायला बसू लागला. बरा झाला का, असे मला पुष्कळजण विचारतात. तो पुड्या फार सुबक बांधतो, एवढे मी सांगू शकते.

या निमित्ताने मी थोडे वाचले. अमृतसरच्या मनोरुग्णालयात 1950 च्या दशकात डॉ. विद्या सागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहायला बोलावले होते. रुग्णालय माणसाला घरापासून तोडते असे जगभर चालले असताना हे गृहस्थ घरालाच रुग्णालयात आणीत होते. आपल्या गोव्यात 1996 मध्ये 'संगत' ही संस्था निघाली. तिच्या संस्थापकांपैकी डॉ. विक्रम पटेल हे मूळचे मुंबईचे. डॉक्टर नसलेल्या साध्या बायकांना शिकवून त्यांनी आरोग्यकेंद्रांत बसवले, आणि सरकारी केंद्रांत त्यांच्या बोलण्याने खिन्नतेचे रुग्ण अधिक संख्येने सुधारतात, असे 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आढळले. पण मला सर्वांत आवडल्या त्या दूर झिम्बाब्वेतल्या आज्या. डॉ. डिक्सन चिबांडा यांनी 2006 साली हरारेतल्या म्बारे या गरीब वस्तीत चौदा आज्या निवडल्या. दवाखान्याच्या आवारात झाडाखाली एक लाकडी बाक. त्यावर आजी आणि दुखणाईत. तिथल्या शोना भाषेत या दुखण्याला 'कुफुन्गिसिसा' म्हणतात. अर्थ काय, तर फार विचार येणे! मी ताईला हे सांगितले तेव्हा ती हसली आणि म्हणाली, "म्हंजी तिकडं बी विचारच येत्यात की."

दुखणे इतके पसरलेले असताना डॉक्टरांची वाट पाहत बसणे परवडणारे नाही, हे उघड आहे. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने 2015-16 मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत दर शंभर प्रौढांमागे दहा-अकराजणांना कुठले ना कुठले मानसिक दुखणे असल्याचे दिसले, आणि त्यांतल्या बहुतेकांपर्यंत उपचार पोचलेलाच नव्हता. 1912 चा कायदा अशा माणसाला उघडउघड 'वेडा' म्हणत होता. 1987 च्या कायद्याने शब्द बदलला. 2017 च्या कायद्याने उपचार हा त्याचा हक्क ठरवला आणि साखळीने बांधण्याला मनाई केली. 2022 पासून 14416 हा दूरध्वनीही आहे. हे सगळे चांगलेच झाले. तरी या सगळ्या वाचनात माझे मन एका जागी अडखळते. जिथे तिथे 'कुटुंबाने काळजी घ्यावी' असे लिहिलेले असते. कुटुंब! तीस वर्षे व्याकरण शिकवलेल्या बाईने सांगावे तर हा शब्द दिसतो नपुंसकलिंगी, पण वस्तीत तो बहुधा स्त्रीलिंगी चालतो. अमृतसरच्या त्या तंबूंतून रात्री कोण जागत असेल, ते मला कुणी सांगायला नको.

मावशी एकदा कागदावर अंगठा उठवताना म्हणाली, "बाई, मी हाय तवर ठीक हाय. माझ्या माघारी ह्याचं कोण?"

समाजसेविकेने त्याच्या अपंगत्वाच्या प्रमाणपत्राची, निराधार योजनेची माहिती दिली. मावशीने ती सगळी नीट ऐकून घेतली आणि पुन्हा तेच विचारले. पैशाचे तिने विचारलेच नव्हते.

महिन्यातून एकदा अशा घरांतली माणसे एकत्र बसतात. सहा आया, एक बाप, एक बहीण. हा प्रश्न तिथे मांडला गेला तेव्हा सगळ्यांचे डोळे आपोआप मावशीच्या धाकट्या सुनेकडे वळले. ती सासूला सोबत म्हणून आली होती. ती उठून उभी राहिली. "पुढं मीच करायचं, हे तुम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलंय," ती म्हणाली. "मला विचारलं का कुणी? माझी दोन पोरं हायेत. भाऊजींची मला भीती वाटत न्हाई आता. पण सगळा जल्म ह्येच करायचं म्हटल्यावर माझ्याच डोक्यात विचार येत्यात." खोलीत कुणी बोलेना. मावशीचा चेहरा पडला. मला त्या मुलीचे म्हणणे पटले, आणि आजही पटते. जे ओझे एकीच्या पाठीवरून उचलून दुसरीच्या पाठीवर ठेवायचे, त्याला व्यवस्था म्हणत नाहीत.

ताईने त्या दिवशी वाद मिटवला नाही. तिने एक वही काढली आणि मावशी दिवसभरात थोरल्यासाठी काय काय करते ते एकेक विचारून मला लिहायला लावले. सकाळी हाक कशी मारायची, गोळ्या कधी, इंजेक्शनची तारीख, गर्दीत तो कानावर हात का ठेवतो, रागावला तर काय बोलू नये, भाकरी कुठली आवडते. दोन पाने भरली. मग ताई म्हणाली, यातले एकेक काम कोण घेईल? वाण्याने दुपार घेतली. धाकट्या भावाने, तो रिक्षा चालवतो, दवाखान्याची तारीख घेतली. इतकी वर्षे ती त्याला कुणी मागितलीच नव्हती. शेजारचे म्हातारे गृहस्थ गिरणीतून निवृत्त झालेले. त्यांनी संध्याकाळ घेतली. सून म्हणाली, "जेवण मी वाढीन. जेवण मी वाढतेच."

ही वही खरी का खोटी, ते बघायचे राहिले होते. यंदाच्या ज्येष्ठात पालख्या पुण्यात आल्या. मावशीचे माहेर वारकऱ्यांचे. पण थोरल्याच्या दुखण्यानंतर चौदा वर्षांत तिने घराबाहेर एक रात्र काढली नव्हती. ताई म्हणाली, "सासवडपर्यंत जाऊन या. दुसऱ्या दिवशी यष्टीनं परत." मावशीने तीनदा नाही म्हटले, आणि चौथ्या दिवशी पहाटे माउलींच्या पालखीमागे दिवे घाट चढून गेली.

त्या रात्री काय झाले ते मला सुनेने सांगितले. थोरला दिवेलागणीपासून उंबऱ्यावर बसला. ताट वाढले, ते त्याने परत सारले. नऊ वाजले, दहा वाजले. सुनेने वही काढून पाहिली. तिच्यात याचे उत्तर नव्हते. मग तिने शेजारच्या आजोबांना हाक मारली. ते आपले ताट घेऊन आले आणि त्याच्याशेजारी उंबऱ्यावर बसून मुकाट जेवू लागले. थोड्या वेळाने थोरल्याने विचारले, "आई मेली का?" आजोबा म्हणाले, "न्हाई रं, सासवडला गेलीय. उद्या येती." तो म्हणाला, "बरं." आणि ताट ओढून घेतले. गोळ्या त्याच्या त्याने घेतल्या.

मावशी दुसऱ्या दिवशी दुपारी आली. पायांना फोड, कपाळावर बुक्का. थोरला वाण्याकडे पुड्या बांधीत होता. त्याने मान वर केली, तिला पाहिले आणि पुडीचा दोरा तोडला. तिने घरी येऊन वही मागितली. तिला वाचता येत नाही. सुनेने वाचून दाखवली तेव्हा शेवटच्या ओळीखाली सुनेच्या अक्षरात एक नवी ओळ होती: एकटा जेवत नाही, कुणीतरी शेजारी बसावे. मावशी म्हणाली, "ह्ये मला सांगायचं राहिलंच व्हतं." आणि मग वही कुणाच्या ट्रंकेत राहायची यावरून सासू-सुनेत चांगला अर्धा तास वाद झाला. तूर्त ती देव्हाऱ्यामागे आहे.