ड्रोन भिजला... आता?

तर झालं असं. सांगलीचा माझा एक मित्र लग्नाचं शूटिंग करतो. परवा साताऱ्याला, सज्जनगडाच्या पायथ्याशी प्री-वेडिंग चालू असताना उरमोडी धरणाच्या बाजूने सर आली आणि ड्रोन उतरेपर्यंत चिंब! लगेच मला फोन, "चालू करून बघू का रे?"

"अजिबात नको. आधी बॅटरी काढ!"

नुसत्या पावसाच्या पाण्याने सर्किट सहसा मरत नाही. पण त्यात बोर्डावरची धूळ, क्षार मिसळतात, त्यातून करंट वाहतो. मग शॉर्ट होतं, तांबं खाल्लं जातं. करंटच नसेल तर निम्मं संकट टळतं. तांदळाच्या डब्यात तर घालूच नका. पाणी राहतं आतच, वर पीठ मोटरमध्ये! बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचा, मग दोन-तीन दिवस पंख्याखाली. हवा फारच दमट असेल तर सिलिका जेल घालून बंद डब्यात. बॅटरी फुगली असेल तर चार्ज करायची नाही, घराबाहेर ठेवायची.

"अरे पण रविवारी साखरपुड्याची ऑर्डर आहे!"

"मग भाड्याने घे."

वाळलेला ड्रोन सुरू झाला म्हणजे बरा झाला असं नाही, गंज नंतरही चढतो. आधी मोकळ्या रानात, कमी उंचीवर उडवून बघायचा. खाली पाहुणे उभे असताना नाही.