मुक्कामाचा हिशेब

बीड जिल्ह्यातील धारूरचा किल्ला आदिलशाही सरदार किश्वरखान लारी याने 1567 मध्ये उभारला. लवकरच निजामशाही फौजेने तो घेतला आणि किश्वरखान मारला गेला. बुरूज उभारणाऱ्यालाच त्यांच्या आश्रयाने फार काळ निवांत निजता आले नाही.

हा इतिहास धारूरच्या एका ज्येष्ठ आडत व्यापाऱ्यांना पाठ होता. त्याचा अर्थ मात्र त्यांना सासवडजवळील जाधवगडावर उमगला. पिलाजी जाधवराव यांनी 1710 मध्ये बांधलेली ही गढी आता हॉटेल आहे. मुलाच्या आग्रहाने ते तेथे एका रात्रीच्या मुक्कामास गेले. चौविहाराचा नियम असल्याने सूनबाईंनी सूर्यास्तापूर्वीच डब्यातील दशम्या वाढल्या. निजताना नातवाने विचारले, "आजोबा, ही गढी आता कोणाची?"

"आज रात्री आपली, उद्या दुसऱ्याची."

उत्तर सहज निघाले. झोप मात्र उडाली. वडिलोपार्जित वाड्यातील दोन खणांवरून धाकट्या भावाशी त्यांचा सात वर्षे अबोला होता. दर संवत्सरीस साऱ्या गावाची क्षमा मागितली जाई; त्या एका दाराशी पाऊल अडे. अपरिग्रहावरील प्रवचने कानांनी ऐकली होती, खणांचा हिशेब मनात तसाच होता.

पहाटे सामायिक आटोपून त्यांनी भावाला फोन लावला. "दोन्ही खण तुझेच. मिच्छा मि दुक्कडम्."

पलीकडून बराच वेळ शब्द आला नाही. मग भाऊ एवढेच म्हणाला, "दादा, उद्याची नवकारशी आमच्याकडेच करा."