एक मीटर

बाबांना आता समोरच्या माणसाचा चेहरा दिसत नाही. डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग गेलाय. कडेकडेचं दिसतं, दार कुठे, कप कुठे ते कळतं. तरी दिवाळीला मी घरी गेले तेव्हा म्हणाले, "झेनिट काढ. तुझा एक फोटो काढायचाय."

मी मोबाईल पुढे केला. "यात फोकस आपोआप होतो, बाबा."

"तो कशावर झाला ते मला दिसत नाही. लेन्सवर आकडे आहेत."

मोबाईलवरच फोटो काढत आलेल्यांना हे आकडे कदाचित ठाऊक नसतील. जुन्या लेन्सच्या फोकस रिंगवर अंतरं लिहिलेली असतात. बाबांच्या झेनिटवर हेलिओस ४४-२ लेन्स आहे. तिच्यावरचे आकडे अर्ध्या मीटरपासून सुरू होतात आणि अनंताच्या आडव्या आठापाशी संपतात. अंतर मोजायचं ते लेन्सच्या काचेपासून नाही, आत फिल्म असते तिथपासून.

बाबा शाळेत शिक्षक होते आणि सुट्टीच्या दिवशी लग्नाचे फोटो काढायचे. मांडवातल्या अंधुक उजेडात फोकस बघत बसायला वेळ कुठला? ते अ‍ॅपर्चर ८ वर आणि रिंग ३ मीटरवर लावून ठेवायचे आणि नवरा-नवरीपासून चार पावलांवर उभे राहायचे. ५८ मिलिमीटरच्या या लेन्समधून तेवढ्यानं साधारण अडीच ते पावणेचार मीटरपर्यंतचं सगळं स्पष्ट येतं. फ्लॅश मारला की झालं.

घरचे फोटोही त्यांनी तसेच काढले. पाळण्यात, गॅदरिंगला, दहावीच्या निकालादिवशी हातात पेढे घेऊन. अल्बममधली मी कायम चार पावलांवर.

गेल्या वर्षी मी नवऱ्याचं घर सोडलं आणि पुण्यात एकटी राहायला लागले. बाबांनी कधी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. फोनवर आमचं 'जेवलीस का' आणि 'औषध घेतलं का' एवढंच.

"एकवर लाव," बाबा म्हणाले.

रिंग फिरवताना पहिल्यांदाच लक्षात आलं की हे आकडे सारख्या अंतरावर नाहीत. अर्ध्या मीटरवरून एक मीटरवर यायलाच निम्म्याहून जास्त फेरा खर्च होतो. दहा मीटरवरून अनंतापर्यंत जायला मात्र रिंग जराशी हलवली तरी पुरते. लांबच्या माणसाच्या बाबतीत थोडं चुकलं तर खपून जातं.

संध्याकाळ झाली होती, म्हणून अ‍ॅपर्चर २ वर, पूर्ण उघडं. अशा वेळी एक मीटरवर जेमतेम साडेतीन सेंटिमीटर जागा स्पष्ट येते. डोळे आले तर कान जातात.

बाबांनी सुतळी मागवली. तिचं एक टोक कॅमेऱ्याच्या पट्ट्याच्या कडीला बांधलं. आईच्या शिलाईच्या टेपनं मी मीटर मोजून दिला, त्यांनी तिथे गाठ मारली.

"गाठ डोळ्याखाली धर. सुतळी ताठ ठेव. हलू नकोस."

इतक्या जवळ आम्ही कित्येक वर्षांत बसलो नव्हतो. त्यांच्या शर्टाला कापराचा वास येत होता. कॅमेरा डोळ्याला लावून ते म्हणाले, "बरी आहेस ना तिकडे?"

"हो," मी म्हटलं.

शटर वाजलं.

उरलेला रोल मी पुण्यात संपवला आणि धुवायला दिला. त्या फोटोत कोपऱ्यातून येणारी सुतळी म्हणजे नुसती जाड, धूसर रेघ आहे. गाठ मात्र स्वच्छ दिसते. ती धरणारी दोन बोटं, नखाची चीरसुद्धा. त्यांच्यामागे माझे डोळे पुसट.

रात्री फोन केला. बाबांनी लगेच विचारलं, "फोकस चुकला का?"

"नाही. तुमचं अंतर बरोबर होतं, बाबा. मी मागे सरकले."

थोडा वेळ पलीकडून काहीच आलं नाही.

"बरं," ते म्हणाले. "येताना नवीन रोल आण. सुतळी मी ठेवलीये."